चराई : नाही

मोज्यात कुसळ शिरलं की मला कळतं, आश्विन आला. कॅलेंडर भिंतीवर असतंच, पण ते टोचत नाही. कुसळ टोचतं. पायजम्याच्या काठाला चिकटून ते गुपचूप घरात येतं, चालता चालता वर सरकतं, आणि नेमकं जेवायला बसावं तेव्हा घोट्याच्या वर आपली हजेरी लावतं. मग माझी बायको मालती तो पायजमा अंगणातल्या उन्हात धरते, एकेक कुसळ चिमटीने उपटते आणि दरवर्षी तेच विचारते, "रोज कुंपणापर्यंत जाऊन बघता तरी काय? तुम्ही बघितलं म्हणून कुंपण पडणार आहे का?"

तिचं खरं आहे. पण निवृत्त मास्तराला जायला दोनच ठिकाणं असतात, देऊळ आणि माळ. देवळात गेलं की चार जण भेटतात आणि चौघेही मला तोच प्रश्न विचारतात. त्यापेक्षा माळ बरा. माळ काही विचारत नाही.

आमचं गाव जुन्नर तालुक्याच्या पूर्वेला, आण्याच्या पठारावर. खाली आळ्याकडे उतरलं की पाट आहेत, ऊस आहे, कांद्याच्या चाळी आहेत, आणि उसात दबून बसलेला बिबट्याही आहे. वर आमच्याकडे वारा आहे. बाजरी, मटकी, हुलगा, आणि वारा. गावाच्या उशाला एक मोठा माळ पसरलेला आहे. कागदावर तो सरकारचा, पण गाव त्याला कुरण म्हणतं, आणि म्हणताना 'आपलं' हा शब्द आपोआप आधी लागतो. चार पावसाळे झाले, त्या माळाला जाळीचं कुंपण आहे आणि फाटकाला कुलूप आहे. आत माणसाएवढं गवत माजलंय. बाहेर गावातली उरलीसुरली गुरं रस्त्याच्या कडेचं खुरटं हुंगत फिरतात.

कुंपणच शेत खातं म्हणतात. आमच्या कुंपणाने ते खाल्लंही नाही, आणि दुसऱ्या कुणाला खाऊही दिलं नाही.

ह्या दिवसांत सकाळी माळाजवळ उभं राहिलं की एक वास येतो. पिकत आलेल्या गवताचा, थोडासा गोड, थोडासा धुळीचा, बाजरीच्या कोठारात डोकं घातल्यावर येतो त्याच्या जवळचा. श्रावणात हे गवत नुसतं हिरवं असतं आणि सगळं एकसारखं दिसतं. भाद्रपदात त्याला फुलोरा येतो. आश्विनात ते तांबूस व्हायला लागतं आणि मग जाणत्याला त्यात जाती दिसतात. पवन्या वेगळा, मारवेल वेगळं, कुसळी वेगळी. पवन्या म्हणजे गुरांचा जीव की प्राण. ताटात वाढलेल्यातलं लाडकं आधी उचलावं तशी गाय माळावर शिरली की पवन्या शोधते. कुसळी कोवळी असेपर्यंत चालते. एकदा तिला कुसळं धरली की गाय तोंड फिरवते, आणि ती कुसळं मग माझ्या मोज्यात येतात. कडेकडेने तरवड पिवळा होतो, कुर्डूचे गुलाबी-पांढरे तुरे उभे राहतात, घटाच्या माळेसाठी बायका ते खुडून नेतात. टिटवी डोक्यावरून ओरडत जाते. हे सगळं आजही तसंच आहे. ते सुंदर आहे हे मला दिसतं, आणि दिसतं म्हणून जास्त चीड येते.

ही सगळी माहिती माझी नव्हे. मी पुस्तकातलं शिकवणारा माणूस. गवत मला भिकातात्यांनी शिकवलं. भिकातात्या म्हणजे ह्या कुरणाचे रखवालदार. तीस वर्षं त्यांनी हा माळ राखला, आणि राखला म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण सगळं घोडं तिथेच पेंड खातं.

आमच्याकडे मृगाच्या पेरण्या उरकल्या की कुरण बंद व्हायचं. तात्या माळाच्या चारी अंगांना दगडांचे ढीग रचायचे, त्यांना चुना फासायचे. चुना दिसला की राखण लागली. तिथून दसऱ्यापर्यंत त्या माळावर गावातलं एकही जनावर जायचं नाही. ना तार, ना फाटक, ना कुलूप. पांढरे दगड आणि तात्यांची काठी, एवढंच. कुणाची गाय चुकून आत सापडली, तर त्या घरच्या कर्त्या माणसाने आठ दिवस तात्यांच्या शेजारी बसून राखण करायची. माझ्या वडिलांनीही एकदा केली होती. गायीच्या चुकीपायी माणसाने उन्हात बसावं, ही शिक्षा इतकी लाजिरवाणी वाटायची की वडिलांनी दावं त्याच दिवशी बदललं आणि गाठ रोज रात्री दोनदा तपासली.

आणि दसऱ्याला कुरण सुटायचं. पण पंचांगात दसरा आला म्हणून सुटायचं नाही. सकाळी तात्या एकटे आत जायचे. गाव कडेला उभं. तात्या पवन्याची चार ताटं मुठीत धरायचे, तळहातावर चोळायचे आणि फुंकर मारायचे. बी आधीच गळून गेलेलं असलं, तळहातावर नुसतं फोलपट राहिलं, तर हात वर करायचे. बी अजून तुऱ्याला धरून असलं तर परत यायचे आणि म्हणायचे, "चार रोज थांबा." गाव चार दिवस थांबायचं. दसऱ्याचा सण एकीकडे व्हायचा आणि कुरणाचा दसरा चार दिवसांनी. त्यावर कधी भांडण झालेलं मला आठवत नाही, आणि आमच्या गावात भांडायला एरवी फारसं कारण लागत नाही.

"आधी ईळा, मंग खूर," तात्या सांगायचे. कुरण सुटलं की आधी पाच दिवस नुसती कापणी. मग गुरं. मी त्यांना एकदा मास्तरकीच्या भरात विचारलं होतं की गुरं कशाला सोडायची, सगळंच कापून का नेत नाही? तात्यांनी माझ्याकडे जरा दयेने पाहिलं होतं.

"गुरुजी, बी वर पडून ऱ्हातंय. त्याला मातीत कोण दाबायचं? तुमी का मी? त्ये खुराचं काम हाय. गाय खातीबी आन् पेरतीबी."

आता येते त्या श्रावणाची गोष्ट. त्याला चार वर्षं झाली. आमच्या माळावर झाडं लावायची योजना आली. खात्याचे एक साहेब जीप घेऊन पाहणीला आले. माणूस सज्जन होता, घामाने भिजलेला, आणि त्याला त्या दिवशी आणखी तीन गावं करायची होती. माळ हिरवागार. पांढरे दगड जागच्या जागी. आणि माळावर अर्थातच एकही जनावर नाही, कारण राखण होती.

साहेबांनी विचारलं, "इथे जनावरं चरतात का?"

तात्यांना हा आपल्या इमानावर घेतलेला संशय वाटला. त्यांनी काठी जमिनीत रोवली. "चरत्यात? एक खूर दाखवा सायेब. पेरणीपासनं एक खूर पडला न्हाई हितं."

"म्हणजे चराई नाही."

"न्हाईच. मी असताना व्हईल का?"

तीस वर्षांत पहिल्यांदा सरकारच्या माणसाने त्यांच्या कामाची विचारपूस केली होती. तात्यांची छाती पैरणीत मावत नव्हती. साहेबांनी फॉर्म माझ्याकडे दिला. "गुरुजी, तुमचं अक्षर चांगलं दिसतंय, तुम्हीच भरा." माझं अक्षर चांगलं आहे. तीस वर्षं फळ्यावर सुविचार लिहिलेत. मी गावाचं नाव लिहिलं, चतुःसीमा लिहिल्या, आणि 'सध्याचा वापर' असा रकाना होता त्यात सुबक अक्षरात लिहिलं : 'चराई : नाही'. खाली पट्टी धरून एक रेघही मारली. लाचलुचपत नाही, दमदाटी नाही, कुणी कुणाला फसवलं नाही. एका माणसाने अभिमानाने खरं सांगितलं आणि दुसऱ्याने ते शुद्धलेखन सांभाळून लिहिलं.

त्या दोन शब्दांचा अर्थ त्या कागदावर काय होतो, हे आम्हाला ठाऊक नव्हतं. चराई असलेल्या माळाचा काही भाग गुरांसाठी मोकळा सोडायचा, आणि वापर नसलेला माळ सगळाच्या सगळा बंद करायचा, असा तो हिशेब होता. आमचा माळ 'वापर नसलेला' ठरला.

ग्रामसभा झाली होती, नाही असं नाही. आणि झाडं नकोत असं म्हणणारा मी नव्हतो. उलट मी उठून बोललो होतो. सावली, पाखरं, जमिनीत मुरणारं पाणी, सगळं बोललो होतो. शाळेत पंचवीस वेळा निबंध लिहून घेतलाय, तोंडपाठ आहे. संदीप, जो आज आमचा सरपंच आहे, तेव्हा नुसता दूधवाला होता. त्याच्या गोठ्यात दहा जर्सी गाया. तो म्हणाला होता, "माळावर गुरं फिरवायचे दिवस गेले. आमच्या गाया मुरघास खातात, माळ बघत पण नाहीत. झाडं लावा, गावाचं नाव होईल." त्याचंही चूक नव्हतं. चार गावं सोडून एक माळ आहे, तिथे बारा महिने मेंढरं-शेरडं-गुरं मोकाट. गवताचं मूळ राहिलेलं नाही, खडक उघडा पडलाय. तसं आपलं होऊ नये, असं सगळ्यांनाच वाटत होतं. तात्या मागे भिंतीला टेकून बसले होते. त्यांना विचारलं तेव्हा म्हणाले, "लावा की झाडं. दसऱ्याला गवात कापताना आमी झाडाला इळा लागू देनार न्हाई."

म्हणजे पाहा. आख्खं गाव धरून चाललं होतं की झाडं लागली तरी दसरा येणारच. राखण लागते तशी उठते. बंद झालेलं कुरण पुन्हा सुटतच नाही, ही गोष्ट आमच्या डोक्यातच शिरू शकत नव्हती, कारण तसं कधी झालेलंच नव्हतं.

त्या वर्षीचा दसरा मला तुकड्या-तुकड्याने आठवतो. पहाटेचं दव आणि त्याने भिजलेले पायजम्याचे पाय. तात्यांचा वर गेलेला हात. मग एकदम शेदीडशे विळ्यांचा सरसर आवाज, आणि त्यातून मधूनच दगडावर घासलेल्या पात्याची किर्र. लाव्यांचा थवा फर्रकन उडाला होता आणि एक ससा गोंधळून माणसांच्या पायांतून पळाला होता. बायका डोक्यावर भारे घेऊन रांगेने खाली उतरत होत्या. नुसते भारेच चालल्यासारखे वाटायचे, खाली पाय लागलेले. मालतीनेही एक भारा आणला होता, आमच्याकडे तेव्हा एक गाय होती. आमच्या गावात दसऱ्याला आपट्याच्या पानाबरोबर पवन्याची एक काडी देतात. "सोनं घ्या, चारा घ्या," असं म्हणतात. तात्यांनी मला काडी दिली, मी ती खिशात ठेवली. सहाव्या दिवशी गुरं सुटली. तात्यांच्या चार गायी सगळ्यांत पुढे. चांदी, मोरी, ढवळी आणि तेव्हा कालवड असलेली कपिली. चौघी गुडघाभर गवतात माना घालून उभ्या होत्या आणि दुरून त्यांच्या नुसत्या पाठी दिसत होत्या. हा शेवटचा हंगाम आहे, हे त्या दिवशी कुणाला माहीत असतं तर निदान जरा वेळ थांबून नीट बघितलं असतं.

पुढच्या उन्हाळ्यात यंत्राने चर खणले, खांब रोवले, जाळी ठोकली. तात्यांचे दगड चरात गेले. पावसाळ्यात रोपं लागली, करंज, शिवण, ग्लिरिसिडिया. दसऱ्याला आम्ही विळे घेऊन गेलो तर फाटकाला कुलूप. वॉचमन बाहेरगावचा, भला माणूस, म्हणाला, "मला चावी उघडायला दिलेली नाही, लावायला दिलीय."

तीन वर्षांत काय झालं ते जाळीतून दिसतं. गवत ना कापलं गेलं, ना चरलं गेलं. जागच्या जागी वाळलं, जुन्यावर नवं आलं. पवन्या त्याखाली दबत गेला आणि कुसळी माजली. करंजाची रोपं त्या जंजाळात गुदमरली. उरली ती ग्लिरिसिडिया, तिला कशाचंच काही वाटत नाही. मागच्या उन्हाळ्यात एका कोपऱ्यात वणवा लागला, तेव्हा विझवायला गावच धावलं. आणि ते चार गावांपलीकडचं कुरण, खडक उघडा पडलेलं? त्याच्या कागदावर 'चराई : आहे' असं आलं, कारण पाहणीच्या दिवशी तिथे ढीगभर जनावरं होती. ते मोकळं राहिलं. ज्यांनी ओरबाडलं त्यांना माळ मिळाला आणि ज्यांनी राखला त्यांना जाळी. चोर सोडून संन्याशाला फाशी ही म्हण मी मुलांना वाक्यात उपयोग करायला द्यायचो. एकानेही इतकं चांगलं वाक्य लिहिलं नव्हतं.

ह्या तीन वर्षांत गावातली गावठी गुरं एकेक करून गेली. आमचीही गेली. राहिल्या त्या तात्यांच्या चौघी. तात्यांना उसाची वाढी, म्हणजे शेंड्याचा हिरवा पाला, विकत आणून गुरं सांभाळणं झेपणारं नव्हतं, आणि त्या गाया गोठ्यात दाव्याला बांधल्या की खात नव्हत्या. रस्त्याच्या कडेने, बांधाबांधाने, ओढ्याच्या पोटातून ते त्यांना दिवसभर फिरवायचे. सत्तरी ओलांडलेला माणूस. ह्या वर्षी ज्येष्ठातच त्यांनी मला सांगून टाकलं, "दसऱ्यापतुर वाट बघतो, गुरुजी. कुरान सुटलं तर सुटलं. न्हाईतर चौघींना बेल्ह्याच्या बाजारात न्हेतो. माजे पाय आता चालंनात."

अर्ज आम्ही आधीच केले होते. संदीप आता सरपंच झाला होता आणि जाळीमागचं वाळलेलं गवत बघून त्याचंही मत बदललं होतं. ते त्याने कबूल केलं, हे मी त्याच्या बाजूने नोंदवतो. सरकारी काम आणि सहा महिने थांब. आम्ही दीड वर्ष थांबलो, आणि शेवटी फेरपाहणी लागली. कधी? श्रावणात.

संदीपला चांगलीच अक्कल सुचली. आदल्या दिवशी तो तात्यांच्या ओट्यावर आला, मीही होतो. "वॉचमनला पटवलंय. सकाळी तासभर फाटक उघडतो. तात्या, तुमच्या गाया आत सोडायच्या. मॅडम येतील, फोटो काढतील, चराई आहे म्हणून लिहितील. विषय संपला. बाकीच्यांच्या जर्सी माळावर नेल्या तर त्या उभ्याच राहतील, कॅमेऱ्यात खोटं दिसेल. तुमच्याच पाहिजेत."

तात्यांनी काठी मांडीवर आडवी घेतली. मग म्हणाले, "सरावनात?"

"हो, उद्या."

"गवात फुलोऱ्यावर यायचंय आजून. पवन्या आधीच लई कमी ऱ्हायलाय. त्यात खूर घातला तर बी कुठनं पडायचं?"

"तात्या, जमीन हातात आली तर बी कधीपण पडेल."

"तीस वर्सं मी ज्याला त्याला ह्येच सांगत आलो, राव. गुरुजींच्या बाला मी आठ रोज उन्हात बसवलं. आता मीच घालू?"

मला संताप आला. आजही आठवलं की येतो. मी म्हटलं, "तात्या, हे कुणासाठी चाललंय? तुमच्याच गुरांसाठी ना? एक तास. जगात कुणाचं काही बिघडणार नाही. कागदावर दोन शब्द बदलतील."

"म्हायती हाय," तात्या म्हणाले. एवढंच. वाद घातला असता तर मी जिंकलो असतो. म्हणून त्यांनी घातला नाही.

सकाळी ते धुतलेली पैरण घालून, काठी घेऊन आले. गाया आल्या नाहीत. संदीपने माझ्याकडे बघितलं, मी ग्लिरिसिडियाकडे बघितलं.

मॅडम तरुण होत्या, नम्र होत्या. हातात टॅब होता. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मी त्यांना राखण समजावली, विळा आणि खूर समजावलं, पवन्याचं बी समजावलं. मास्तर म्हणून मी माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला तास त्या माळावर घेतला. त्या म्हणाल्या, "सर, मला पटतंय. पण इथे पर्याय दोनच आहेत. आहे, किंवा नाही. आणि फोटो लावावा लागतो, त्यावर तारीख आपोआप येते."

"आहे, पण आत्ता नाही," मी म्हटलं.

"तसा पर्याय नाहीये."

"मग दसऱ्याला या की बाई," तात्या मध्येच म्हणाले. "दसऱ्याला गुरंच गुरं दाखिवतो."

मॅडम हसल्या, खरंच वाईट वाटून हसल्या. "दसऱ्याला आम्हाला सुट्टी असते, बाबा. आणि अहवाल सप्टेंबरअखेर जायचाय."

तरी त्यांनी शेऱ्याच्या चौकटीत मी सांगितलं ते टाइप करायला घेतलं. 'गावाच्या प्रथेनुसार दसऱ्यापर्यंत' इथवर आलं आणि चौकट भरली. पुढचं अक्षर उमटेना. त्यांनी दोनदा प्रयत्न केला. मग रिकाम्या माळाचा फोटो काढला. फोटो फार सुंदर आला, मी बघितला.

घरी आल्यावर मी मालतीजवळ तात्यांच्या नावाने खूप बडबडलो. हट्टी म्हातारा, स्वतःच्या पायावर धोंडा, वगैरे. ती तांदूळ निवडत होती. माझं संपू दिलं आणि म्हणाली, "त्यांनी सोडली असती ना गुरं, तर तुम्हीच आयुष्यभर म्हणाला असता की तात्यांनी राखण मोडली." ह्या बाईला शाळेत नोकरी मिळायला हवी होती, मला नव्हे.

पितृपंधरवड्यात पत्र आलं. पाहणीत चराई आढळून आली नाही, सद्यस्थिती कायम ठेवण्यात येत आहे. टाइप केलेलं होतं. पण मला ते माझ्याच अक्षरात दिसलं.

मग दसरा आला. कालचाच. सकाळी मी सवयीने माळाकडे गेलो तर तात्या फाटकापाशी उभे, चौघी गाया मागे. गायांना आंघोळ घातलेली, कपाळाला हळदकुंकू. गावातले दहाबारा जण जमले होते. संदीप मोटारसायकलवरून आला. त्याच्या हातात जाड तार कापायची कात्री होती.

तात्यांनी जाळीतून हात आत घातला. कोपरापर्यंत कुसळीत गेला. बरंच चाचपल्यावर त्यांना पवन्याची दोन ताटं सापडली. ती त्यांनी तोडून तळहातावर चोळली, फुंकर मारली आणि आम्हाला हात दाखवला. नुसतं फोलपट होतं.

"झडलंय," ते म्हणाले.

"मग सोडा, तात्या," संदीप म्हणाला आणि कात्री पुढे केली. "कापतो मी. माझ्यावर केस होऊ दे."

तात्यांनी त्याच्या दंडावर हात ठेवला. "न्हाई भाऊ. राखण ज्यानं लावली त्यानंच उठवायची असती. तोडून घातल्याली गुरं म्हंजी चोरीची चराई. मी कुनाला करू दिली न्हाई, मीबी करनार न्हाई."

"अहो पण ही कसली राखण? हे उठवणारच नाहीत."

"त्ये त्यांचं," तात्या म्हणाले.

मला त्या क्षणी त्यांचा राग आला आणि त्याच क्षणी त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. दोन्हींतलं काहीच मी केलं नाही. खिशातून फोन काढला आणि फोटो काढला, तारखेसकट. तो कुणाला पाठवायचा आहे, हे मला माहीत नाही. त्यात बाहेर चार गायी दिसतात, दहाबारा माणसं दिसतात, आणि कुंपणाच्या आत एकही खूर दिसत नाही.

दुपारी तात्या घरी आले. मालतीने त्यांना सोनं दिलं. त्यांनी आपट्याच्या पानासोबत पवन्याची काडी पुढे केली, त्या दोन ताटांपैकीच एक. "सोनं घ्या, चारा घ्या." मग पायरीवर बसले.

"गुरुजी, परवा बेल्ह्याचा बाजार. गावचा दाखला लागतोय गुरांचा. संदीपनं सही-शिक्का दिलाय. तुमी तेवढा भरा. तुमचं अक्षर चांगलं हाय."

हे वाक्य त्यांनी मुद्दाम म्हटलं नव्हतं. तो माणूस टोमणे मारणारा नाही. तरी मला पेन लगेच सापडेना. मालती आतून म्हणाली, "एखादी तरी ठेवा हो, तात्या." तात्या म्हणाले, "एकलीला ठिवली तर हंबरून हंबरून मरंल. चौघी बरुबर गेल्याली बरी."

मी लिहायला बसलो. चांदी, रंग पांढरा, शिंगं मागे वळलेली. मोरी, रंग कोसा. ढवळी, डाव्या कानाला चीर. कपिली, दुसऱ्या वेताची. तात्या डोळे मिटून सांगत होते आणि मी लिहीत होतो. मालकाचं नाव, गावाचं नाव. सगळे रकाने भरले.

"आता खाली चराईचं लिवा," तात्या म्हणाले.

"ह्या कागदात तसा रकाना नाही, तात्या."

"मंग काढा की. घेनाऱ्याला कळाया नगं? मोकळ्या माळावर हिंडल्याली गुरं हायेत ही. दाव्याला बांधून ठिवली तर खंगत्यात. कागदावर असंल तर कुनी वाचंल तरी."

मी पट्टी घेतली. शिक्क्याच्या शेजारी जागा होती, तिथे दोन उभ्या रेघा आणि दोन आडव्या रेघा मारल्या. रकाना झाला. त्यात लिहिलं. शाई वाळेपर्यंत कागद तसाच धरून ठेवला आणि मग तात्यांच्या हातात दिला.

तात्यांना वाचता येत नाही. त्यांनी कागद उन्हाकडे धरला, त्या नव्या रकान्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, "ह्या बारीला 'न्हाई' न्हाई ना लिवलं?"

"नाही, तात्या," मी म्हटलं. "चराई आहे, असं लिहिलंय."